नाव कमी करण्याचा अर्ज

पहाटे ४.३०

एसटी स्टँडबाहेर भुरभुर पाऊस आहे. पेपरची गाडी आली की गठ्ठे धपाधप पडतात. ते आधी पत्र्याखाली ओढायचे, मग पट्टी कापून मोजायचे. लोकमत, सकाळ, सार्वमत, पुण्यनगरी असे वेगळे ढीग लावायचे आणि प्रत्येक अंकाच्या पोटात पुरवणी घालायची. जुलैत क्लासवाल्यांची पत्रकं असतात, तीही घालायची. पावसाळ्यात सायकलच्या पिशवीवर खताच्या गोणीचा कागद बांधावा लागतो. ओला पेपर कुणी घेत नाही आणि त्याचे पैसे आपल्याच अंगावर पडतात.

माझी लाइन आज १४० घरांची आहे. मार्च २०१० मध्ये ८० घरांची होती. मी तेरा वर्षांचा, आठवीत. महिन्याला ४५० रुपये मिळायचे. एक दिवस खाडा झाला की पंधरा रुपये कापले जायचे, त्यामुळे रोजचा पंधराचा हिशेब मला शाळेतल्या गणिताआधी पाठ झाला.

त्या जानेवारीत नाना गेले. नाना म्हणजे माझे वडील. ट्रकवर ड्रायव्हर होते. हंगाम चालू असला की कोळपेवाडीला नाहीतर सहजानंदनगरला ऊस, हंगाम संपला की मिळेल तो माल. त्या वर्षी संक्रांत झाली आणि त्यांनी ऊस सोडून कांद्याची गाडी धरली. बुधवार होता. आईनं भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. ‘आठ दिवसांत येतो,’ म्हणाले.

ड्रायव्हरच्या घरात माणूस नसणं हीच रीत असते. आठाचे पंधरा दिवस झाले तरी कुणी काळजी करत नाही. फोन लागत होता, मध्येच कट होत होता. होळीपर्यंत लागला, मग बंद झाला. मग नाना गेले ते नेमके कधी? बुधवारी घरातून निघाले तेव्हा, की शेवटचा फोन आला तेव्हा, की आईनं त्यांची पांघरायची चादर धुऊन कपाटात ठेवली तेव्हा? आजही मला नेमका दिवस सांगता येत नाही.

सकाळी ६.००

लाइनचा निम्मा भाग कोपरगावच्या बेट भागात आहे. तिथं शुक्राचार्यांचं देऊळ आहे. संजीवनी विद्या इथलीच, हे कोपरगावात पोराटोरांनाही ठाऊक असतं. कारखान्यापासून कॉलेजपर्यंत ‘संजीवनी’ हे नाव गावभर आहे. देवांचा कच ती विद्या शिकायला शुक्राचार्यांकडे आला. असुरांनी त्याला मारलं, तर देवयानीच्या हट्टापायी गुरूनं त्याला पुन्हा पुन्हा उठवलं. लहानपणी देवळासमोरून सायकल नेताना मी ब्रेक दाबायचो आणि मनात एक वाक्य म्हणायचो. काय म्हणायचो ते कुणाला सांगितलेलं नाही. मग कळलं की ही विद्या मेलेल्याला उठवायची होती. निघून गेलेल्यावर ती चालत नसावी.

लाइनवरच्या पोराला गाव आतून दिसतं. कुठं रात्रभर दिवा जळतो, कुठं नवरा-बायकोत बोलणं नाही, कुणाचा मुलगा पुण्याहून नोकरी सोडून आलाय. आणि गावालाही लाइनवरचं पोर दिसतं. ओट्यावर बसलेली माणसं पेपर हातात घेताना काहीतरी विचारणारच. ‘वडील काय करतात रे?’ हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात तीनदा आला. मी म्हणालो, ‘गाडीवर गेलेत.’ खोटं नव्हतं. दोन वर्षं मी हेच उत्तर दिलं. एक निवृत्त गुरुजी रोज विचारायचे. एका दिवाळीला त्यांनी महिन्याच्या बिलावर वीस रुपये जास्त दिले आणि त्यानंतर कधीच विचारलं नाही. तेव्हा मला समजलं की त्यांना कळलंय. ते वीस रुपये मी बरेच दिवस खर्च केले नाहीत.

सकाळी ७.३०

आज पाण्याचा दिवस. कोपरगावात गोदावरी गावाला चिकटून वाहते, पण नळाला पाणी रोज येत नाही. कालव्याला आवर्तन सुटतं तेव्हा येसगावच्या साठवण तलावांत पाणी भरतात आणि मग ते गावाला पुरवून पुरवून वापरायचं. चार दिवसांनी येतं, उन्हाळ्यात आठ दिवसांनीही आलंय. पाणी येणार त्या सकाळी घरात कुणी आजारी पडायचं नाही, असा आमचा नियम आहे.

आई ड्रम भरत असते, मी मोटर बघतो. ती आता तीस डबे करते. पोरं कॉलेजची आणि बाहेरगावची. २०१० ला तिच्याकडे डबे नव्हते. दुसऱ्याच्या मेसच्या पोळ्या लाटायला जायची, शंभर पोळ्यांना साठ रुपये. नाना गेल्यावर ती रोज तीनशे लाटायला लागली. धाकटी तेव्हा सहा वर्षांची. तिची वेणी घालणं, डबा भरणं, तिच्या रडण्याला वेळेत आवर घालणं ही सगळी कामं माझ्याकडे आली. वेणी घालायला मला शेजारच्या काकूंनी शिकवलं. पोरं चिडवतील म्हणून मी दार लावून घालायचो.

एका रविवारी ट्रकमालक आला. नानांनी १८,००० रुपये उचल घेतली होती आणि गाडी सुरतेच्या बाजूला एका पेट्रोल पंपावर बेवारस सापडली होती. मालक माणूस वाईट नव्हता. चहा घेतला. मग माझ्याकडे पाहून आईला म्हणाला, ‘पोराला क्लीनर म्हणून लावा. दोन वर्षांत फिटेल. जेवणखाण गाडीवर.’

आईच्या हातात तेव्हा कणीक होती. तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘उचल फेडीन. पण माझं पोरगं गाडीवर जाणार नाही.’

त्या दिवसापासून माझे ४५० रुपये मालकाकडे जायला लागले. चाळीस महिने. आठवीत सुरू झालेलं कर्ज बारावीत फिटलं. शेवटचा हप्ता दिला तेव्हा मालकानं वहीतली ओळ खोडली आणि ती वही मला दाखवली. आईची अट मात्र एकच होती आणि ती शेवटपर्यंत राहिली: ‘लाइन टाक. पण शाळेला खाडा पडला तर त्या दिवशी लाइन बंद.’ उशीर झाला तर मी कडेला सायकल लावून तशीच शाळा गाठायचो. हाताला शाईचा वास. पेपरची शाई साबणानं जात नाही. रॉकेलचा बोळा फिरवला की निघते, पण मग वर्गात रॉकेलचा वास येतो.

सकाळी १०.००

दिवसा मी आपले सरकार सेवा केंद्रावर बसतो. केंद्र माझं नाही, मी पगारावर आहे. जुलै म्हणजे दाखल्यांचा महिना. उत्पन्नाचा, रहिवासी, जातीचा, नॉन क्रीमीलेअर. शटर वर जायच्या आधी दहा-बारा लोक उभे असतात. अर्ध्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात घरातले सगळे कागद, लग्नपत्रिकेसकट.

माझं काम विचारण्याचं. ‘पूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव. वडिलांचा व्यवसाय. वडिलांचा दाखला आणलाय?’ दिवसाला पन्नास वेळा मी हे विचारतो. जे प्रश्न मी लहानपणी चुकवत होतो, ते विचारण्यावर आज माझं पोट आहे.

जातीच्या दाखल्याला तर बापाची बाजू हवीच. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. एवढा जुना कागद म्हणजे आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा, आत्या. बाप घरात असेल तर तो गावी फोन लावतो आणि कागद येतो. बाप नसेल तर ज्यांनी आपल्याला विचारलं नाही त्यांच्या दारात उभं राहावं लागतं.

दहावीनंतर मी असाच उभा राहिलो. नानांचं मूळ गाव येवला तालुक्यात. आबांनी, म्हणजे चुलत्यांनी, ओट्यावरच बसवलं. चुलतीनं चहा दिला. ‘कागद कुठले रे आमच्याकडं,’ म्हणाले. मग मी एकटाच जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तिथल्या गुरुजींनी कपाटावरून जनरल रजिस्टर काढलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. आजोबांची नोंद सापडली. जन्मतारीख १ जून. वरच्या चार आणि खालच्या सहा पोरांचीही १ जूनच. आईबापांना तारीख सांगता आली नाही की त्या काळचे गुरुजी सरसकट १ जून टाकायचे. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचं कारण. आजोबांच्या पुढं लिहिलं होतं: ‘सतत गैरहजर’.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. शाळा सोडून गेलेल्या पोराचाही दाखला असतो. तारीख असते, कारण असतं, मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का असतो. घर सोडून गेलेल्याचा नसतो. मेलेल्याचा मिळतो. आमच्या वर्गात एकाचे वडील वारले होते. त्याला वाईट वाटायचं, पण त्याच्याकडे कागद होता. तो काढून दाखवला की समोरचा गप्प व्हायचा. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही त्याला कायदा मेलेला धरू शकतो. पण आमच्या नानांची खबर तर दर दिवाळीला कुणीतरी आणायचंच. नाशिकला दिसले, सातपूरला राहतात, अंगानं भरलेत. ना मेले, ना हरवले.

दुपारी १२.३०

एक बाई आली, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. फॉर्म पाचवीतल्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा. वडिलांचा व्यवसाय विचारला तशी ती मुलीकडे बघून हळू म्हणाली, ‘गाडीवर जातात.’

एवढ्या वर्षांनी ते उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. मी विचारलं, ‘येतात का घरी?’ ती काही बोलली नाही. मी मुलीला समोरच्या कॅलेंडरातले वाघ मोजायला बसवलं आणि बाईंना कागदावर लिहून दिलं.

पहिलं, बालसंगोपन योजना. अनाथ आश्रमातच पोर ठेवावं लागतं असा लोकांचा समज आहे. तसं नाही. एकच पालक सांभाळत असेल तरी अर्ज करता येतो. सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं आता ती योजना आहे, एका मुलाला महिना २,२५० रुपये, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयाकडे, मंजुरी बाल कल्याण समितीची. दुसरं, संजय गांधी निराधार योजना. १९८० पासून आहे आणि तिच्यात परित्यक्ता बसते. महिना १,५००. पण वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. तिसरं, पोटगी. पूर्वी कलम १२५ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४४ झालं. बायको मागू शकते, पोराच्या नावानंही मागता येते.

‘परित्यक्ता म्हणजे?’ तिनं विचारलं.

‘टाकलेली,’ असं मी म्हणालो नाही. म्हणालो, ‘नवरा निघून गेलाय, पण फारकत नाही झालेली.’

या शब्दाचा इतिहास आमच्या शेजारचाच आहे. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनानं परित्यक्ता परिषद भरवली. अशा बायका घराघरांतून बाहेर येऊन पहिल्यांदा एका मांडवात बसल्या. अॅडव्होकेट निशा शिवूरकर त्या कामात होत्या. पुढं त्यांनी ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक लिहिलं. संगमनेर इथून एसटीनं जाता येतं एवढं जवळ, पण २०१० ला आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. पोटगीचं आईला एका वकिलानं सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘तारखेला गेले की तीनशे पोळ्या बुडतात.’ त्या वेळी बालसंगोपनचा फॉर्म कुणी पुढ्यात टाकला असता तर लाइन टाकावी लागली नसती असं नाही. पण धाकटीची वेणी घालताना मी घड्याळाकडे कमी बघितलं असतं.

मुलीनं वाघ मोजले. तीन निघाले. खरं तर दोनच होते, पण एकाचं पाण्यात प्रतिबिंब होतं.

दुपारी २.००

डबा उघडला आणि आबांचा फोन. आबांचा फोन वर्षाकाठी एकदा येतो, लग्नाचं स्थळ घेऊन. स्थळाचंही एक कोडंच असतं. मुलीकडचे पहिलं विचारतात, ‘मुलाचे वडील काय करतात?’ आणि पुढचं बोलणं आबांना जमत नाही. आज स्थळ नव्हतं.

‘तुझ्या बापाचं एक काम होतं.’

मी पोळीचा तुकडा मोडून ठेवला.

काम असं. नानांना सातपूरच्या रेशनकार्डात नाव घालायचंय. मशीनवर आधार टाकलं की दाखवतं, हे नाव कोपरगावच्या कार्डात आधीच आहे. इथून नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय तिकडं चढत नाही. ‘तू याच कामात आहेस म्हणून म्हणलं. त्यांचं अंग आता ठीक नसतं. तिकडचा पोरगाच सगळी पळापळ करतोय. चौदाचा आहे.’

मी हिशेब केला. २०११ चा जन्म. नाना गेल्याला तारीख नव्हती, पण त्या तारखेच्या जवळपासचं हे एक वय निघालं.

‘त्याला माझा नंबर द्या,’ म्हणालो.

दहा मिनिटांत मेसेज आला. आधारकार्डाचा फोटो, मग दुसऱ्या बाजूचा फोटो, मग एक ओळ: ‘दादा हे चालेल का अजून काय लागेल सांगा मी उद्या सकाळी येऊ शकतो.’ फोटो व्यवस्थित काढलेला होता. चारी कोपरे चौकटीत, सावली नाही. माझ्याकडे येणारी मोठी माणसंही असा फोटो काढत नाहीत. त्यासाठी आधी दोन-तीन खिडक्यांवरून परत पाठवलं जावं लागतं.

आधारवरचा फोटो मी मोठा करून पाहिला. माणूस म्हातारा झालाय. मिशी नाही.

दुपारी ४.००

पुरवठा शाखेत गर्दी कमी असते तेव्हा गेलो. अर्ज साधा आहे. मूळ कार्ड, आधारच्या प्रती, कारण आणि कुटुंबप्रमुखाची सही. कुटुंबप्रमुख म्हणजे आमच्या कार्डावर आई. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानं घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. कार्ड बदललं तेव्हा मी आईला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली होती, ‘हे सरकारला आत्ता कळलं का?’

खाली नावं: आई, नाना, मी, धाकटी. नानांचं नाव आम्ही कधी काढलं नाही. सुरुवातीला आईला वाटायचं येतील. नंतर कुणी काढायला सांगितलं नाही. आणि तिसरी गोष्ट अशी की माणशी पाच किलो धान्य मिळतं. फेब्रुवारी २०१४ पासून दर महिन्याला नानांच्या नावाचे पाच किलो गहू-तांदूळ आमच्या घरात आले. अकरा वर्षांचे साडेसहा क्विंटलांच्या पुढं होतात. पंधरा वर्षांत त्यांनी घरात टाकलेलं एवढंच, आणि तेही त्यांना माहीत नव्हतं.

अर्जात एक रकाना आहे: नाव कमी करण्याचं कारण. लोक बहुधा लिहितात मयत, लग्न, स्थलांतर. मी पेन टेकवून बराच वेळ थांबलो. ‘सतत गैरहजर’ लिहावंसं वाटलं. ‘स्थलांतर’ लिहिलं.

संध्याकाळी ६.००

पेपरच्या बिलाची वसुली. महिन्याचा दुसरा आठवडा संपत आला की दारोदार फिरायचं. कोण लगेच देतं, कोण ‘उद्या ये’ म्हणतं, कोण सुट्टे नाहीत म्हणतं, हे पाठ आहे. उधारी मागायला येणारा माणूस कसा उभा राहतो ते मी आधी दाराच्या आतून शिकलो. नाना गेल्यावर सहा महिने कुणी ना कुणी यायचं. किराणावाला, टायरवाला, मित्र म्हणवणारे दोघे. आई कामावर असली की मी दार उघडायचो आणि म्हणायचो, ‘माझ्याशी बोला.’ तेरा वर्षांच्या पोराशी बोलायला माणसं लाजतात. अर्धे परत गेले. हा डाव मला जमला म्हणून मला बरीच वर्षं अभिमान होता. आता वाटतं, ते लाजून गेले हे त्यांचं भलेपण.

आषाढ चालू आहे. एका देवळात कीर्तन लागलंय. बुवा विठ्ठलपंतांची कथा लावतायत. आळंदीत बायकोला ठेवून काशीला गेले, संन्यास घेतला. रुक्मिणीबाईंनी सुवर्णपिंपळाला बारा वर्षं प्रदक्षिणा घातल्या. मग गुरूंना कळलं की याची बायको आहे, त्यांनी परत पाठवलं. मग चार लेकरं झाली आणि संन्याशाची पोरं म्हणून त्यांना गावानं वाळीत टाकलं. आईबाप देहान्त प्रायश्चित्ताला गेले तेव्हा थोरले निवृत्तिनाथसुद्धा पोरवयातलेच. कीर्तनात सगळे ज्ञानेश्वरांकडे बघत असतात. मी निवृत्तिनाथांचा विचार करतो. गुरू होण्याआधी त्यांना धाकट्या तिघांचं जेवण बघावं लागलं असणार, त्यावर कुणी कीर्तन करत नाही.

आमच्या आईनं पिंपळाला फेऱ्या घातल्या नाहीत. वेळ नव्हता, पोळ्या होत्या.

रात्री ८.३०

डबे गेले. आई ओटा पुसून बसली. धाकटीचा फोन येऊन गेला. ती नाशिकला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं मोबाइलवर सगळीकडे मधलं नाव आईचं लावलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं असं लागतं. धाकटी म्हणते, ‘मी वीस वर्षं आधी जन्मले एवढंच.’ तिला नानांचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवतो म्हणते. मला उलट.

मी अर्ज आईपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. सातपूर, कार्ड, मशीन. ती ऐकत होती. चष्मा लावून तिनं अर्ज वाचला. वाचायला ती डब्यांचे हिशेब ठेवता ठेवता पुन्हा शिकलीय.

‘या दाखल्यावर तारीख पडेल का?’

‘नाव कमी होईल त्या दिवसाची.’

‘बरं आहे,’ म्हणाली. ‘एक तारीख तरी होईल.’

मग म्हणाली, ‘पाच किलो कमी येईल आता. धरून चाल.’

मी पेन दिला. आई सही करते म्हणजे पूर्ण नाव लिहिते. एक एक अक्षर, रेघ शेवटी. स्वतःचं नाव लिहिलं, मग नानांचं, मग आडनाव. नानांचं नाव कमी करायच्या अर्जावर सगळ्यांत ठळक नाव नानांचंच उमटलं. तिच्या ते लक्षात आलं की नाही माहीत नाही. तिनं कागदावर फुंकर मारली, जशी तव्यावरच्या पिठावर मारते.

‘न्यायला कोण येणार?’

‘त्यांचा मुलगा. उद्या सकाळी येतो म्हणतोय. चौदाचा आहे.’

आई उठली, दिवा मालवायला गेली. दारातच थांबली.

‘उद्या बुधवार ना? शाळा असेल त्याला.’

‘असेल.’

‘मग येऊ नको म्हणावं. शाळेला खाडा करू नको. दाखला झाला की तू पोस्टानं पाठव.’

मी तेवढंच टाइप केलं आणि चारचा गजर लावला.